कोल्ड स्टोरेजमधलं स्वित्झर्लंड

स्वित्झर्लंड शहाद्याच्या एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर आहे. कोणाला पटणार नाही, ठाऊक आहे. पटलं असतं तर लोक विमानाच्या तिकिटांमागे कशाला धावले असते? तेव्हा आधी पोटभर हसून घ्या. हसून झालं की ऐका.

कळसाडीची चेतना. तापीकाठच्या उसासारखी सरळ आणि जिभेने तितकीच गोड... पण सोलायला गेलात तर ओठ कापणारी. स्टँडसमोर एका टूर कंपनीचं काडेपेटीएवढं ऑफिस होतं, त्यात ती एकटी बसायची. भिंतीवर आयफेल टॉवर, बर्फाचे डोंगर, पाण्यातलं व्हेनिस. येणारी गिऱ्हाइकं मात्र चारधामची नाही तर गिरनारची. युरोप विचारायला कधी कोणी आलं नव्हतं. आयफेल टॉवर उन्हाने पिवळा पडून पार मक्याच्या कणसासारखा दिसायला लागला होता. आणि चेतनाने स्वतः पाहिलेला परदेश म्हणजे सुरत.

मे महिन्याची दुपार. रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं. अशात दार ढकलून एक जण आत आला. खांद्यावर ठिबकच्या काळ्या नळीचं वेटोळं, गळ्यात रुमाल, कानशिलावरून घामाची धार. एसीच्या बरोब्बर खालची खुर्ची त्याने पकडली, नळी मांडीवर घेतली आणि डोळे मिटून घेतले. जणू देवळात आलाय.

चेतनाने थोडा वेळ पाहिलं. मग घसा खाकरला.

"बोला सर. कुठे जायचंय?"

त्याने डोळे उघडले. खरं उत्तर होतं रनाळे. नंदुरबारची गाडी हुकली होती, दुसरी यायला वेळ होता, आणि बाहेर भट्टी पेटली होती. पण समोर ही... कपाळावर चिकटलेली बट ओठ वाकडे करून फुंकरीने उडवणारी. खरं बोललो तर ही आपल्याला गारव्यातून उठवणार, एवढंच त्याला कळलं.

"युरोप," तो म्हणाला.

चेतनाच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळत थेट दारापर्यंत गेलं.

"युरोपात... कुठे?"

त्याने भिंतीवर नजर फिरवली. "ते... सगळंच. म्हणजे तुम्ही सांगाल ते."

"कोण कोण जाणार?"

"आई-वडील." हे त्याला आत्ताच सुचलं होतं.

"कधी?"

"उन्हाळ्यात."

"तिथला उन्हाळा जूनच्या शेवटी भरात येतो, सर. दिवस असा मोठा, की रात्र व्हायचं विसरूनच जाते."

"जूनच्या शेवटी आमच्याकडे पेरण्या असतात."

"मग हिवाळ्यात जा."

"नको, नको! उन्हाळाच बरा."

चेतनाने ओठ आत ओढून हसू दाबलं. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "पाणी प्या. आणि ती नळी खाली ठेवा. युरोपात पाऊस वरूनच पडतो, ठिबक लागत नाही."

तो निघून गेल्यावर तिला जाणवलं, की आपण त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. आणि हेही जाणवलं, की विचारायला हवं होतं.

नाव दोनच दिवसांत कळलं. योगेंद्र. दारातूनच ओरडत आला, "मॅडम, घात झाला!"

"कसला?"

"घरी जेवताना गमतीने बोललो, युरोपची चौकशी करून आलो म्हणून. आबांच्या हातातली कळण्याची भाकरी हातातच राहिली. मला वाटलं, आता शिव्या. तर म्हणतात, 'जाऊत!' आणि माय? मायनं बिबड्यांचं पीठ भिजत घातलंय. पापड वाळवून परदेशात न्यायला."

"म्हणजे परवा गंमत होती?"

योगेंद्रचे कान लाल झाले. "गारव्यासाठी आलो होतो. खरं सांगतो."

"आणि आज?"

"आज पण..." त्याने मान वर करून एसीकडे पाहिलं.

एसी बंद होता. सकाळपासून लाइटच नव्हती. कागदी पुठ्ठ्याने वारा घेत बसलेल्या चेतनाच्या हातातला पुठ्ठा तिथेच थांबला... आणि दोघांनीही घाईघाईने वेगवेगळ्या भिंतींकडे पाहिलं.

तेव्हापासून युरोप निवडायचं काम सुरू झालं. आबा म्हणजे सुपडू पाटील, रनाळ्याचे. त्यांचं म्हणणं एकच, जिथे शेत नाही, गुरं नाहीत, तिथे माणसाने बघायचं तरी काय? माय म्हणजे भिकुबाई, त्यांचं म्हणणं त्याहून पक्कं. त्यांची संकष्टी असायची, आणि चंद्र पाहिल्याशिवाय त्या घास तोंडात घालत नसत. जूनमधली संकष्टी नेमकी प्रवासात येत होती.

"नॉर्वे," चेतना म्हणाली. "मध्यरात्रीसुद्धा सूर्य डोक्यावर."

"मग चंद्र?"

"असेल बिचारा कुठेतरी. पण लख्ख उन्हात दिसणार कसा?"

"म्हणजे माय उपाशी. आणि माय उपाशी म्हणजे आबा उपाशी. नॉर्वे कटाप!"

"व्हेनिस?"

"पाण्यात घरं? आबा म्हणतील, तापीला पूर येतो तेव्हा प्रकाशा गावात फुकट दिसतं."

"पॅरिस?"

"तिथे काय असतं?"

"प्रेमी जोडपी," चेतना म्हणाली, आणि म्हटल्यावर जीभ चावली.

योगेंद्रने फार मन लावून नकाशा पाहिला. उलटा धरला होता. "आई-वडिलांना... त्याचा काय उपयोग?"

"उपयोग नसेल तर कटाप."

असं करता करता अख्खं खंड कटाप होत आलं. कधी योगेंद्र खोट काढायचा, कधी चेतना. ग्रीसचा उन्हाळा धुळ्यासारखाच, मग पैसे खर्चून घाम कशाला? लंडनला पावसाचा नेम नाही, नेम नसलेला पाऊस घरी आहेच. नाशिकहून मालकाचा फोन आला, "अगं, शहाद्यातून युरोपची चौकशी आली आणि तूच त्यांना नको नको सांगतेयस? शनिवारपर्यंत ठरव. व्हिसाची तारीख घ्यायची आहे."

"हो सर," म्हणून चेतनाने फोन ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. नंदुरबारची गाडी फलाटाला लागत होती. दारात लोंबकळणाऱ्या माणसांत तिचे डोळे एकच रुमाल शोधत होते. तेव्हा कुठे तिला आपलीच लबाडी उमगली. ठिकाण ठरलं की कागद होणार. कागद झाले की आई-वडील जाणार. योगेंद्र राहणार पेरणीला... आणि रनाळ्याच्या माणसाला शहाद्याच्या ट्रॅव्हल ऑफिसात यायचं काही कारणच उरणार नाही.

युरोप ठरलं, की येणं संपलं.

तो आला. आल्याबरोबर तिने विचारलं, "एवढ्या लांबून रोज येता. फोनवर नाही का सांगता येत?"

"फोनवर नकाशा दिसत नाही."

"फोनवरच तर दिसतो!"

"मन्हा फोनमा नही दिसत," तो पटकन बोलून गेला. इतके दिवस दोघं कशी परीटघडीची मराठी बोलत होती! आज इस्त्री मोडली. चेतनाने भुवई उडवली. "फोन बदलाना मंग."

"कसाले? चालस ना आसा."

शुक्रवारी मात्र सुपडू आबा स्वतः उगवले. डोक्यावर पांढरी टोपी, मागे भिकुबाई, त्यांच्या मागे चोरासारखा योगेंद्र.

"पोरी," आबा खुर्चीत बसत म्हणाले, "आमना पोऱ्या म्हनस, सगळा युरोप खराब शे. इतला मोठा मुलुखमा एक बी गाव धड नही?"

चेतनाने योगेंद्रकडे पाहिलं. योगेंद्रने आयफेल टॉवरकडे पाहिलं.

"एक आहे आबा," ती हळूच म्हणाली. लपवून ठेवलेलं पान तिने शेवटी पुढे केलं. "स्वित्झर्लंड. हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. सूर्य उशिरा, पण मावळतो. पुढे चंद्रही निघतो."

"गाई शेतस? मंग आतेपावत काबर नही सांगं?"

"थंडी असते डोंगरावर. बर्फ. तुम्हाला सोसणार नाही."

ही शेवटची खोट होती. आबांनी ती दोन मिनिटांत निकालात काढली. त्यांचा मित्र रूपसिंग केळीच्या कोल्ड स्टोरेजवर होता, बाजाराच्या मागेच. "चला," आबा उठले. "सोसस का नही, आत्ते देखी लिऊत!"

आणि वरात निघाली. बाहेर ऊन असं, की सावलीलाही घाम फुटावा. आणि आबांच्या डोक्यावर परदेशासाठी पिशवीत आणलेली माकडटोपी, भिकुबाईंच्या लुगड्यावर दोन शाली, कानाला मफलर. रस्त्यावरचा उसाचा रसवाला चरक फिरवायचा विसरला. रूपसिंगने जाड दार उघडलं. आत हिरव्या केळीच्या क्रेटांचे डोंगर थेट छतापर्यंत, मधून धुक्याची बारीक वाट.

"रूपसिंग, आजून थंडं कर!" आबांचा हुकूम.

"आबा, केळं काळं पडी जाई."

"पडू दे. मी इकत लिसू ते."

मग चेतना गाइड झाली. काय करणार, कामच ते. "या बाजूला आल्प्स," तिने क्रेटांकडे हात केला. "समोर दरी. जपून या, माय." भिकुबाई खरोखर जपून आल्या. कोपऱ्यातला पंखा घरघरला, तर आबा म्हणाले, "गाईस्न्या घंट्या!" आणि त्या जुन्या यंत्राला काय चेव आला कोण जाणे. आधी धुकं दाटलं, मग छतातून भुरभुर... भुरभुर... पांढरं काही उतरू लागलं. रूपसिंग आजही शपथ घेऊन सांगतो, की बर्फच होता. घोट्यापर्यंत साचला. भिकुबाईंनी मूठभर उचलून आबांच्या पाठीत घातला, आणि इतकी वर्षं संसार केलेली ती बाई शाळकरी पोरीसारखी खिदळली.

"ठरनं!" आबा ओरडले. "हाईच जागा. पोरी, उद्या कागद कर." आणि हुडहुडी भरली म्हणून दोघं ऊन खायला बाहेर पळाली. रूपसिंग त्यांच्या मागोमाग चहा सांगायला.

आत दोघंच उरली.

चेतना गाइडचं हसू तोंडावर तसंच धरून उभी होती. अंगावर साधी सुती ओढणी, दात वाजत होते. योगेंद्रने गळ्यातला रुमाल काढला, तिच्या कानांवरून घेतला, हनुवटीखाली गाठ मारायला गेला... गाठ काही केल्या बसेना. ठिबकच्या नळ्यांचे सांधे डोळे मिटून जोडणारी बोटं ती.

"ठरलं म्हणायचं," ती खाली बघत म्हणाली.

"हूं."

"मालक खूश होतील."

"हूं."

"तुमची पण सुटका. रोजची एसटी, रोजची धूळ... सोमवारपासून काही काम नाही शहाद्यात."

दोघांच्या श्वासांची वाफ मधे एकत्र मिसळत होती, तेवढीच काय ती बोलत होती. बाहेरून आबांची हाक आली, चहा निवतोय. चेतनाचा हात दाराकडे गेला. दार उघडलं की ऊन. ऊन आलं की हे सगळं वितळणार, स्वित्झर्लंड, रुमाल, नकाशा, नंदुरबारच्या गाडीची वाट पाहणं... सगळंच.

आणि तेव्हा, मंडळी, योगेंद्रमधला वाघ जागा झाला! रनाळ्याच्या मातीतला गडी तो, भिणार थोडाच? एक पाऊल पुढे टाकून त्याने तिचा हात धरला. डोळ्याला डोळा भिडवला. आणि अवघं कोल्ड स्टोरेज दणाणेल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "चेतना! मन्हासंगे लगन..."

"खोटं!"

ओसरीवर मंडळींना रंगवून सांगणाऱ्या नानांची गोष्ट तिथेच अडली. आता रनाळ्याची सून झालेली चेतना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात उलथनं घेऊन. मागे पाणी भरता भरता योगेंद्र हांड्याइतकाच गप्प.

"नाना, बर्फ पडना, मी काही बोलनू नही. घोट्यापावत साचना, तरी बोलनू नही. पन हाई चालाव नही! वाघ? त्यानी तं दातखिळी बशेल व्हती. लगनानं मीच ईचारं!"