विनारुमाल ड्रायव्हर

कोडं असं होतं : उबवणीची पेटी एकटी चालवली की छान गरम राहायची. अंडं फिरवणारं नवं यंत्र एकटं चालवलं की तेही शहाण्यासारखं वागायचं. दोन्ही एकत्र सुरू केली, की अंडं फिरायचं आणि पेटी थंड पडायची.

आणि पेटीत होतं माळढोक पक्ष्याचं अंडं. यंदा माळरानावर सापडलेलं एकुलतं एक. तापमान साडेसदतीस अंशांवरून चौतिसावर उतरलं होतं.

"बिघाड सुरू : नऊ वीस," पक्षी-संवर्धन केंद्रातला यंत्रमानव टिपण्या म्हणाला. प्रत्येक गोष्ट टिपून ठेवायची त्याला खोडच होती. "अण्णांनी नवं यंत्र जोडलं : नऊ पंधरा. मी काही सुचवत नाहीये हं."

शास्त्रज्ञ अण्णाआजोबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "यंत्र उत्तम आहे. त्याचा ड्रायव्हर (यंत्राला हुकूम देणारा प्रोग्रॅम) मी स्वतः लिहिलाय."

"म्हणूनच विचारते," त्यांची अकरा वर्षांची नात शाल्मली म्हणाली. "तुमचे हुकूम भलतीकडे तर जात नाहीत ना?"

अण्णांचा चेहरा जरा पडला. "हुकूम ठेवायला संगणकात कप्पे असतात, क्रमांक लावलेले. हीटरचे चाळीस ते सत्तेचाळीस."

"आणि तुमच्या यंत्राचे?"

"चव्वेचाळीस... पासून पुढे."

"म्हणजे तुम्ही म्हणता 'फिर', आणि हीटरला ऐकू येतं 'बंद हो'! अण्णा, ही भांडणं सोडवायला कुणीच नसतं?"

"असतं की. कर्नल (संगणकाचा कारभार पाहणारा गाभा). कुठले कप्पे कुणाचे, ही यादी त्याच्याकडे असते. ड्रायव्हरनं आधी विचारायचं. मोकळे असले तर नाव लागतं, नसले तर नकार मिळतो."

"एसटीत सीटवर रुमाल टाकतात तसं!"

"अगदी तसंच. रुमाल काही कुणाचा हात धरत नाही. पण सगळ्यांनी मानला, तर भांडण होत नाही."

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, एवढंसं तर यंत्र, कशाला विचारायचं..."

"दुसऱ्याच्या रुमालावर बसलात!"

"नोंद केली," टिपण्या म्हणाला. "अण्णा, विनारुमाल."

अण्णांनी निमूटपणे ड्रायव्हरमध्ये विचारणा घातली. चव्वेचाळीस? कर्नलनं नकार दिला. अठ्ठेचाळीस? मोकळा! नाव लागलं. यंत्राच्या पाठीवरची कळ फिरवून अण्णांनी त्यालाही नवा क्रमांक दिला.

अंडं फिरलं. आकडा चढू लागला : पस्तीस, छत्तीस... साडेसदतीस.

शाल्मलीनं अंड्यामागे दिवा धरला. आत एक लाल ठिपका लुकलुकत होता. ठिपका नव्हे, काळीज! अण्णा मट्कन खुर्चीत बसले.

"ही खुर्ची तरी विचारून घेतलीत ना?" तिनं विचारलं, आणि त्यांच्या खिशातला रुमाल काढून शेजारच्या रिकाम्या पेटीवर पसरला. "ही जागा पिल्लाची."

"पण ते माळावर उडून गेलं," अण्णा हसून म्हणाले, "की रुमाल आठवणीनं उचल. नाहीतर पुढच्या अंड्याला वाटेल, जागा भरलेलीच आहे."