सरांचा हॉल भरला

"मध्ये कुणी बोलायचं नाही," मामांनी भाचरांना दम भरला आणि गच्चीवरचा दिवा मालवला. "आमच्या शेजारच्या सरांच्या बाबतीत घडलंय हे. गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा शुक्रवार."

त्या संध्याकाळी सर भाड्याचा माईक आणायला निघाले होते. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, पण नोकरी वर्षावर्षाच्या करारावरची. त्यात विभागाचे सगळे सामाजिक, सांस्कृतिक कार्यक्रम त्यांच्याच गळ्यात. बिचाऱ्यांनी वर्षभर जिवाचा आटापिटा केला. वादविवाद ठेवला, तर बोलणारे दोघं आणि ऐकायला कुणीच नाही. वृद्धाश्रमात गेले, तर आजी-आजोबांनीच विचारलं, "मुलं कुठायत?" झाडं लावायला गेले कोण? सर, ड्रायव्हर आणि रोपं!

"हसू नका रे," मामा म्हणाले. "प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं, शेवटच्या कार्यक्रमाला हॉल भरला नाही, तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघू."

शेवटचा कार्यक्रम म्हणजे मुलांनीच लिहिलेल्या इंग्रजी नाटकाचं वाचन. वेळ सातची. सरांनी माईक आणून लावला, पावणेआठ झाले, तरी हॉलमध्ये वाचणारी चार मुलं आणि शिपाई, बस. शिपायाने मागच्या खुर्च्यांच्या थप्प्यासुद्धा सोडल्या नव्हत्या.

"बसणार कोण आहे, सर?"

सर वैतागले. "मग मागचे दिवे तरी बंद करा. फोटोत रिकामं दिसायला नको." वर्षभर ते हेच करत आले होते.

मागे अंधार झाला. मुलं स्टेजवरून वाचू लागली. पहिल्याच विनोदाला अंधारातून हसू आलं.

आली वाटतं पोरं उशिरा! सर खुलले. पुन्हा हसू. मग टाळ्या. जिथे हव्यात, अगदी तिथेच. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी ऐकत होतं.

वाचणारी मुलं मात्र अडखळायला लागली. एकीची नजर तर मागच्या अंधारावरून हलेना.

टाळ्या वाढतच गेल्या. स्टेजजवळच्या दारातून प्राचार्यांनी डोकं आत घातलं. "वा, सर! खाली ऑफिसात ऐकू आल्या टाळ्या. भरला की हॉल! पुढचं वर्षही तुमचंच."

आणि ते गेले.

वाचन संपलं, तेव्हा सरांना हुंदकाच आवरेना. त्यांनी कसेबसे आभार मानले. "लावा आता दिवे."

शिपाई बटणांपाशी उभा. हात वर नेलेला. तसाच.

"अहो, लावा ना."

"सर... अजून उठले नाहीत ते."

"कोण?"

"मागच्या दाराला कुलूप आहे, सर... आत कुणी आलंच नाही."

टाळ्या थांबल्या. एकदम.

सर स्वतः गेले. बटण दाबलं.

कुणी नव्हतं. पण थप्प्या सुटल्या होत्या. पार भिंतीपर्यंत खुर्च्या. ओळीने. रिकाम्या.



"मग... मामा?" धाकटीने हळूच विचारलं.

"मग काय... अंधार जिथून सुरू होत होता ना, त्या पहिल्या ओळीत... सरांच्या बरोबर समोर... एका खुर्चीवर पांढरा रुमाल टाकलेला होता. आपण कुणासाठी जागा धरतो ना... तसा."