तार काढल्यावरचा ठिपका

यशवंतच्या मुलीचं, श्रावस्तीचं नामकरण झालं ते साल अठ्ठ्याण्णव. फरीदाबादच्या सेक्टरातल्या तीन मजली घराच्या गच्चीवर मांडव होता. अकोल्याहून पाहुणे आले होते. त्रिशरण झालं, खीर वाढायला घेतली, आणि तेवढ्यात यशवंतचा मित्र हितेश वानखेडे नवी गाडी घेऊन आला. पाळणा सोडून सगळे खाली धावले. गाडीत सिंगापूरहून आणलेलं यंत्र होतं. गाडी कुठे आहे ते यंत्र दर दोन मिनिटांनी रेडिओवरून कळवायचं; त्यावर लिहून निरोपही धाडता येई.

"दादा, तुझ्या गच्चीशिवाय हे सगळं बेकार आहे यार," हितेश म्हणाला.

ते खरंच होतं. हौशी रेडिओवाल्यांच्या त्यांच्या मंडळात उंच गच्ची यशवंतचीच. तिथल्या रेडिओच्या पेटीला दूरचा क्षीण निरोप ऐकू येई, आणि ती तो दुप्पट जोराने पुढे धाडी. पुढे धाडलेल्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी यशवंतच्या केंद्राचं नाव लागे. पण लोक बघत संगणकाच्या नकाशावर सरकणारा हितेशचा ठिपका. नाव कोण वाचतो?

यशवंतची बायको चंदासुद्धा तेच करी. पोरीला मांडीवर घेऊन संगणकासमोर बसे. "हितेशभाऊजी बल्लभगडला पोचले बघा." यशवंत चार्टर्ड बसने दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या कचेरीतून दोन तास उशिरा आला, तरी तो कुठे अडकला हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"मी पण गळ्यात यंत्र बांधून घेऊ का?" एकदा तो म्हणाला.

"अच्छा, म्हणजे बस लवकर येईल का?" चंदा हसली. त्याला हसू आलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी हितेश आग्र्याहून परत येत होता. जेवायला इकडेच येणार होता. चंदाने वांग्याचं भरीत केलं, ज्वारीचं पीठ शोधायला दोन बाजार पालथे घातले. सहा वाजता होडलजवळ ठिपका उमटला.

"आले!" चंदा म्हणाली. केस सारखे करायला आरशाकडे गेली.

यशवंत गच्चीवर गेला. थंडी पडली होती, धुरकट वास होता. त्याने पेटीची तार ओढून काढली. हिरवा दिवा विझला. एक दिवस कुणाला काही दिसलं नाही तर काय बिघडतं?

तो खाली आला.

"पलवलच्या थोडं मागे आहेत," चंदा म्हणाली.

ठिपका सरकला होता. त्याने शेवटचं नाव वाचलं. त्याच्याच केंद्राचं.

तो परत वर गेला. तार जमिनीवर तशीच पडली होती. पेटीला हात लावला. थंडगार.

खाली ठिपका पलवलच्या पुढे आला होता. शेजारी वेगाचा आकडा असे. तिथे शून्य होतं. दोन मिनिटांनी ठिपका आणखी पुढे. वेग शून्य.

"यंत्र बिघडलंय," तो म्हणाला.

"तुमचं की त्यांचं?" चंदा उठली. "चलो, मी तवा ठेवते."

बल्लभगड. शून्य. त्यांचा सेक्टर. शून्य. पाण्याच्या टाकीचं वळण.

आठला दहा कमी असताना ठिपका त्यांच्या फाटकावर थांबला.

चंदाने दार उघडलं. "या भाऊजी," ती म्हणाली. गल्ली रिकामी होती. ती बाहेर जाऊन कोपऱ्यापर्यंत बघू लागली.

यशवंत एकटाच पडद्यासमोर होता. ठिपक्याखाली रोमन अक्षरांत एक ओळ आली.

पाय अडकलाय. दादा, ऐकतोस का?

चेष्टा करतोय, त्याला वाटलं. कुठेतरी गाडी लपवून उभा आहे. चंदाला रस्त्यात हुडकायला लावतोय, आणि मला हसतोय.

दादा, ऐकतोस का?

त्याने संगणक बंद केला.

"काय म्हणाले?" चंदाने आत येत विचारलं.

"काही नाही."

रविवारी सकाळी पोलिसांचा फोन आला. गाडी पलवलच्या थोडं मागे रस्त्याखालच्या चरात उलटी पडली होती. संध्याकाळी सव्वासहापासून ती जागची हलली नव्हती. तारेबद्दल यशवंत कुणाला बोलला नाही.

हितेश वानखेडे २१ नोव्हेंबर १९९८ रोजी रात्री साडेआठच्या सुमारास वारला. तोवर तो शुद्धीवर होता, असं डॉक्टर म्हणाले.