टाळकरी कुठं उभेत?

इंदुरीच्या देवळात मृदंगावर थाप पडली, की आजही सारिकाची नजर आधी भिंतीवरच्या अभंगाकडे जाते... आणि मग तो अभंग भिंतीवर उमटवणाऱ्या जुन्या, खरचटलेल्या लॅपटॉपकडे.

हाच लॅपटॉप छातीशी धरून ती एकदा वडगावच्या दुरुस्तीच्या दुकानासमोर उभी होती. दुकानाला कुलूप. पायरीवर एक उंच मुलगा, हातात तुटका हेडफोन.

"काय झालंय याला?"

"आजोबांच्या कीर्तनात अभंग भिंतीवर दाखवायचा प्रोग्राम लिहिलाय मी, पायथनमध्ये. मशीन जुनं, म्हणून हलकं लिनक्स टाकलं. आता म्हणतंय, प्रोग्रामला लागणारी तयार कोडची लायब्ररी सापडत नाही. आहे हो! मीच ठेवलीये!"

तो हसला. "म्हणजे बुवांनी धृपद मागच्यांवर सोडलं, पण टाळकरी कुठं उभेत ते त्यांना कुणी सांगितलंच नाही."

सारिका बघतच राहिली!

तो आदिनाथ, वराळे गावचा. टाळ पिढीजात घरातला. पायरीवरच बसून त्यानं लायब्ररीच्या फोल्डरचा पत्ता एका ओळीत लिहिला, आणि प्रोग्राम चालला.

"पण ही ओळ या खिडकीपुरतीच हं. बंद केली की मशीन विसरणार. एकादशीला कीर्तनाला येऊन कायमची करून देतो."

तो आला. मशीन सुरू होताना जी फाइल वाचतं, तिच्यात ओळ लिहिली आणि टाळ घेऊन मागच्या रांगेत उभा राहिला. कीर्तन संपलं, सगळे प्रसादाला गेले... आणि सारिकानं ती ओळ हळूच पुसून टाकली.

पुढच्या एकादशीला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

"काय रं," तिचे आजोबा, आबा, मिशीत हसायचे, "ह्या मशीनला बी दर एकादशीला उपास घडतो व्हय?"

मग एका एकादशीला लॅपटॉप उघडता उघडता तो म्हणाला, "बंगळूरला नोकरी लागली. सोमवारी निघतोय."

सारिकाच्या हातातली फुलांची परडी कलली. "मग... आज तरी ओळ टिकेल अशी लिहा."

"टिकेल अशीच लिहितो. कुणीतरी पुसतं."

तिचे कान तापले. "तुम्हाला... ठाऊक होतं?"

"टाळकरी आहे मी. बुवा मुद्दाम ओळ विसरले, तरी कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर यायला निमित्त काय उरलं असतं?"

तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. ओळ लिहिली, जतन केली. "ही आता कुणी पुसणार नाही. पुढच्या वेळी निमित्त न शोधता या... माझ्यासाठी या."

"येईन. आणि आबांना विचारीन."

"मागं उभा राहून काय इचारतो?" गाभाऱ्याकडून आबांचा आवाज आला. "म्होरं ये की! आन आधी टाळ घे, लोकं खोळंबलीत."

आबांच्या जागी आता दुसरे बुवा उभे राहतात. ती ओळ मात्र तशीच आहे. धृपद सुटतं, मागच्या रांगेतून आदिनाथचा टाळ उठतो... आणि सारिकाला वळून बघावं लागत नाही.