ओदेतच्या मागचं घड्याळ

तीन रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण सांगायची लाज वाटावी इतकं क्षुल्लक होतं. एका बाईच्या भिंतीवरचं घड्याळ बरोबर चालत होतं.

झोप उडवायला माझ्याकडे याहून बऱ्या काळज्या होत्या. हेरा, माझी मुलगी, साडेतीन वर्षांची झाली तरी चारच शब्द बोलायची. मासा, नको, दे आणि नॅन, म्हणजे आजी. 'आई' त्यात नव्हतं. मुलांचं बोलणं तपासणारी बाई न्यूझीलंडहून विमानाने येते, आणि वारा असला की येत नाही. आमच्या चॅटम बेटावर वारा नसतो असा दिवस मला तरी आठवत नाही. मी स्वतः डुनेडिनला दोन वर्षं शिक्षिकेचा अभ्यास केलेला. लोकांच्या मुलांना बोलतं कसं करावं यावर निबंध लिहिला होता. चांगले गुण पडले होते.

टामा, माझा नवरा, शेवंडीच्या मोसमात पहाटे होडी काढतो तो अंधार पडता पडता परततो. घरात मी आणि न बोलणारं पोर. म्हणून मी त्या गप्पांच्या संकेतस्थळावर नाव घातलं. देशोदेशीची माणसं तिथे एकमेकांशी रोजचं बोलतात, इंग्रजी सुधारावं म्हणून, आणि त्याला मैत्री म्हणतात.

त्या मैत्रीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो. तुमच्याकडे आता किती वाजले? उत्तर ऐकून समोरचा असा थक्क होतो, जणू पृथ्वी गोल असल्याची बातमी मीच त्याला दिली. मग काय जेवलीस, मग थंडी आहे का. जगाच्या दोन टोकांना बसून दोन शिकलेली माणसं एकमेकांना उकडलेला बटाटा दाखवतात. आणि फोन ठेवताना, "ये ना कधी आमच्याकडे." वॉर्साजवळचा एक निवृत्त पोस्टमन मला दर आठवड्याला जेवायला बोलवायचा. मीही त्याला बोलवायची. कुणी येणार नाही याची दोघांनाही खात्री. त्या भरवशावरच तर माणूस इतकं मोकळेपणाने बोलावतो.

मला या सगळ्यांची कीव यायची. रोज दोन तास बसून मी ती करायची, हे वेगळं.

ओदेत मात्र कधी वेळ विचारायची नाही, म्हणून ती मला आवडली. पोर्तुगालच्या पलीकडे समुद्रात एक बेट आहे, तिथली मी, असं सांगायची. सत्तरीची असावी. चेहरा नीट दिसायचा नाही, दिवा मागून यायचा. तिच्या पाठीमागे पडदा नसलेली काळी खिडकी, आणि खिडकीवर गोल घड्याळ. "आमच्याकडे रात्र आहे," एवढंच म्हणायची आणि संत्रं सोलायला घ्यायची. साल एकसंध निघायची, लांबच लांब.

दुपारी सव्वाचारला मी मासे साफ करायला घ्यायची, फोन टेबलावर टेकवून हेराला समोरच्या स्टुलावर बसवायची. अनोळखी बाईच्या हाती पोर सोपवू नये, हे मला कळत होतं. पण दहाव्या दिवशी कॉडची खवलं काढताना पाठीमागून आवाज आला.

"पाच... सहा... सात."

हेरा फोडी मोजत होती.

मी हात धुतले, तिच्यापुढे बसले, म्हटलं, "हेरा, मला पण सांग. सहाच्या पुढे काय?" ती माझ्याकडे बघत राहिली, जशी दुकानात अनोळखी माणसाकडे बघते. फोन बंद झाला की शब्दही बंद. पुढचे सहा आठवडे असंच चाललं. ती जे काही बोलली ते त्या बाईशी. मी आतड्याच्या बादलीशी उभी राहून ऐकायची.

त्या घड्याळाकडे माझं लक्ष मत्सरातूनच गेलं. समोरच्यात काही खोट सापडते का, हेच शोधत होते मी. आमचं घड्याळ न्यूझीलंडच्या पाऊण तास पुढे असतं. लहानपणापासून आम्ही रेडिओवरची वेळ ऐकून मनात पाऊण तास मिळवत आलो. आमच्याशी काट्याला काटा जुळेल असं घड्याळ जगात दुसऱ्या कुठल्या देशात नाही. ओदेतच्या बेटावर त्या वेळी रात्रीचा दीड वाजलेला असायला हवा होता.

तिच्या मागच्या घड्याळात सव्वाचार वाजले होते.

दुसऱ्या दिवशी पाहिलं, चार वीस. फ्रिजवरच्या आमच्या घड्याळात चार वीस. तिसऱ्या दिवशी मिनिटकाटा दोन्हीकडे एकदमच सरकला.

"बाई इथलीच आहे," मी टामाला म्हटलं. "कसलं पोर्तुगाल. आपल्यातलीच कुणीतरी दिवा मागे ठेवून मला खुळ्यात काढतेय."

"साडेसहाशे माणसं आहेत, रो. तुला आवाज ओळखू आला नसता?"

"आवाज बदलता येतो."

"आणि संत्री? जहाज येऊन पंधरा दिवस झाले. कुणाकडे संत्रं असतं तर अख्ख्या वायटांगी गावाला कळलं असतं." तो जांभई देऊन झोपला.

मी जागी राहिले. साडेसहाशेंतल्या बायका एकेक करून डोळ्यांपुढून नेल्या. पहाटे हेराचं पांघरूण सारखं करताना तिचा हात माझ्या नाकाशी आला. बोटांना संत्र्याच्या सालीचा वास होता.

नॅनने कुठूनतरी आणून दिलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. नॅन, म्हणजे माझी सासू रिपेका, तिला विचारलं मात्र नाही.

त्या दुपारी मी ओदेतला मुद्दाम गोड आवाजात म्हटलं, "एवढ्या गप्पा मारतो आपण. ये ना कधी आमच्याकडे, शेवंड खाऊ घालते."

तिचे हात थांबले. इतक्या महिन्यांत, इतक्या देशांत, या वाक्यावर कुणाचे हात थांबलेले मी पाहिले नव्हते.

"येऊ?" ती म्हणाली. "नक्की?"

"नक्की. आमच्याकडे दाराला कडी नसते." फोन ठेवून मी हसले. माझं हसू मला फारसं आवडलं नाही.

पडदा नसलेली काळी खिडकी कुठे असेल, हे मी नॅनला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती विणत होती.

"मेबलच्या घराची," ती म्हणाली. "आम्हीच काळ्या केल्या तिथल्या खिडक्या. डांबर लावलेल्या फळ्या ठोकल्या बाहेरून, मी आणि तुझ्या सासऱ्याने. वाऱ्याने काचा गेल्या असत्या. नऊ वर्षं झाली."

"मेबल कोण?"

"उत्तरेच्या खाडीवर एकटी राहायची. रेडिओचं वेड. खांब उभा केलेला अंगणात. जगभरच्या परक्यांशी गप्पा. आम्ही दारात गेलो तर म्हणायची, थांबा, पोर्तुगाल लागलंय." नॅनने लोकर ओढली. "तिथली एक मैत्रीण होती तिची. चाळीस वर्षं बोलल्या, तोंड पाहिलं नाही एकमेकींचं. मेबल मेली त्या महिन्यात मैत्रिणीचं पत्र आलं, येतेय म्हणून. कोण येतंय इथे, पोरी."

"नाव काय होतं तिचं?"

"ओदेत की काय. का गं?"

कुणीतरी मेबलची गोष्ट ऐकून माझ्यावर हा खेळ रचलाय, असंच मी ठरवलं. या निष्कर्षाने मला बरं वाटलं. खोटारड्या माणसाचा तिरस्कार करता येतो, आणि तिरस्कार करताना भीती वाटत नाही. नॅनला म्हटलं, चल, चक्कर मारून येऊ. हेराला मागे बसवलं.

खाडीवर पोचलो तेव्हा तीन वाजले होते, लख्ख ऊन होतं. वाकलेली झाडं, कुंपणावर मेंढीची लोकर, अंगणात गंजलेला खांब. फोनवर रेंजची एक रेघही उठत नव्हती. तिथून कुणाशी बोलणं शक्यच नव्हतं, हे मी पाहिलं आणि त्यावर विचार करायचं टाळलं. नॅन गाडीत हेराजवळ थांबली. "उंदीर असतील," एवढंच म्हणाली.

दार ढकललं तसं उघडलं. आत ओल्या लोकरीचा, मिठाचा, जुन्या रॉकेलचा वास होता. उघड्या दारातून आलेला उजेड दोन पावलांवर संपत होता. त्यापुढे दुपार नव्हतीच. फळ्यांनी बंद केलेली खिडकी काचेआडून काळी दिसत होती, पाठीमागे रात्र असावी तशी.

खिडकीवर गोल घड्याळ होतं. चालत होतं. टिक... टिक... सव्वातीन.

चावीचं घड्याळ. पांढऱ्या तबकडीवर बारीक अक्षरं: आठ दिवसांची चावी. नऊ वर्षं बंद घरात.

"बाहेर ये," मी म्हटलं. आवाज शिक्षिकेचा काढायचा होता, जमला नाही. "पुरे झालं आता. माझ्या मुलीशी खेळ नको."

मी खुर्चीपाशी गेले. समोर टेबल, टेबलावर जाड धूळ. फोन ठेवल्याची खूण नाही, कपाची नाही, हाताची नाही. फक्त एका जागी, धुळीच्या वरती, संत्र्याची साल होती. एकसंध. मी बोट लावलं. ओली होती...

मी ओरडले नाही. पळालेही नाही. मी जे केलं ते निव्वळ हलकटपणाचं होतं. घड्याळाखाली खिळ्याला चावी लटकत होती, ती काढून खिशात टाकली. बघू आता, म्हटलं, कशी वेळ पाळतेस ती.

गाडीत नॅनने विचारलं, "काय होतं?"

"उंदीर."

मागच्या सीटवरून हेरा त्या घराकडे बघत हात हलवत होती. बाळं कशालाही हात हलवतात.

घरी येऊन मी संकेतस्थळावरचं नाव पुसलं. पोलंडच्या पोस्टमनला निरोपसुद्धा दिला नाही. चावी चहाच्या डब्यात पुरली. टामाला सांगितलं, तो म्हणाला, "एखादा माणूस चावी देत असेल, डुकरांच्या शिकारीला जाणारी पोरं असतील." हे इतकं पटण्यासारखं होतं की मी ते रोज सकाळी स्वतःला पटवत राहिले.

हेरा मात्र पूर्ण गप्प झाली. मासा नाही, दे नाही, नॅनसुद्धा नाही. सव्वाचारला स्टुलावर जाऊन बसायची आणि रिकाम्या टेबलाकडे बघायची. मी तिच्यापुढे गाजराच्या चकत्या मांडून मोजायची. एक, दोन, तीन. ती नम्रपणे ऐकायची. एका भामटीने माझं पोर बोलतं केलं, आणि मी, निबंधवाली, त्याला परत मुकं केलं. तेव्हा माझा सगळा तिरस्कार आपली जागा ओळखून माझ्याकडे आला. तरी दिवस मी मोजत होते. चावी नाही, म्हणजे फार तर आठ दिवस. मग ते घड्याळ थांबणार, आणि हे प्रकरण संपणार.

आठव्या दिवशी दुपारी वारा पडला.

आधी कळलंच नाही काय बदललंय. मग पत्र्याचा खडखडाट थांबलेला जाणवला, तारेची शीळ थांबलेली. नॅन तिच्या घरी होती, टामा समुद्रात. नळ टिपकत होता तेवढाच आवाज. मी कॉड चिरत होते. फ्रिजवरच्या घड्याळाकडे पाहिलं, चार सोळा. आमच्या स्वयंपाकघराचं दार अंगणात उघडतं, फ्रिज त्या दाराच्याच भिंतीला आहे. दार वीतभर उघडं होतं. ते उघडंच असतं.

माशाच्या वासातून दुसरा एक वास आला. गोडसर, कडवट.

हेराने स्टूल फिरवून घेतलं होतं. टेबलाकडे पाठ, दाराकडे तोंड. मान हलवत होती, ओदेतचं बोलणं ऐकताना हलवायची तशी. मध्येच हसली.

"हेरा," मी म्हटलं. सुरी हातातच होती. "कोणाकडे बघून हसतेस, बाळा?"

ती वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्या डोळ्यांत नीट पाहिलं. तोंड उघडलं, आणि जे ऐकायला मी साडेतीन वर्षं थांबले होते ते, अख्खं वाक्य, एकही शब्द न अडखळता, ती माझ्याशी बोलली.

"आई, ओदेत विचारतेय, किती वाजले. तिला दारातून आपलं घड्याळ दिसत नाही."