हंगामी माणूस

"हंगामी माणसात जीव गुंतवू नकोस गं बाई," आईनं बजावलं होतं. "हंगाम संपला की झाडाखाली नुसत्या कोयी उरतात."

टॅमसिननं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. ऑस्ट्रेलियातल्या या बोवेनमधल्या बायकांना आंब्याशिवाय दुसरी उपमाच सुचत नाही, त्याला कोण काय करणार! आणि खरं सांगायचं तर गुंतवायला जीव शिल्लक होता कुठे? तो आदल्याच दुपारी गेला होता...

त्या दुपारी शेडचे पत्रे नुसते तापले होते. आंबे निवडणाऱ्या बायकांत आई बसली होती, आणि प्रथमोपचाराची पेटी नेहमीप्रमाणे टॅमसिनकडे होती. दारात एक उंच तरुण येऊन उभा राहिला. फिजीहून तोडणीला आलेल्यांपैकी. गालावर तळवा घट्ट दाबलेला. देठ मोडताना चीक उडाला, की हे असं होतंच.

"बस. हात काढ."

"काढला तर दिसेल ना."

"काय?"

"मी कालपर्यंत किती देखणा होतो ते."

ती हसली नाही. निदान तिला तसं वाटलं. साबणाच्या पाण्यानं ती त्याचा गाल हळूहळू पुसत राहिली, तो डोळे मिटून बसला. पापण्यांवर बागेतली धूळ होती.

"झोंबतंय?"

"नाही. तू थांबलीस तर झोंबेल."

दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या गालावर हात ठेवून हजर!

"आज इकडे उडाला?"

"आज कुठेच उडाला नाही," तो पडेल चेहऱ्यानं म्हणाला. "तीच तर पंचाईत झालीय."

त्याचं नाव तोमासी. तावेउनी बेटावरचा. त्याची एक खोड होती. मजुरांच्या निवासाच्या ओसरीत तो जेवायला बसला, की रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारायचा, "या, जेवायला या!" टपालवाल्याला मारायचा, पोलिसाला मारायचा. एकदा आईलासुद्धा मारली.

"ओळख ना पाळख, आणि म्हणे जेवायला या," आई पुटपुटली.

"अगं, त्यांच्याकडे तसंच असतं."

"हं. त्यांच्याकडचं बरंच काही कळायला लागलंय तुला."

मग हंगाम संपला. त्याच्या व्हिसाला पुढे वाढच नव्हती. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून तो म्हणाला, "जातो नाही म्हणणार. येतो." आडव्या पावसात बस दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी... आणि काही आठवड्यांनी तिला कळलं, की आपण आता एकट्या उरलेलो नाही.

आईला सांगितलं, तेव्हा आई कोयींबद्दल काही बोलली नाही. नुसती खुर्ची पुढे सरकवून म्हणाली, "बस आधी."

बाळंतपणाला तोमासी जवळ हवा, एवढंच दोघांचं म्हणणं. म्हणून त्यानं भेटीच्या व्हिसासाठी अर्ज केला. तिनं निमंत्रणाचं पत्र जोडलं. आणि मग वाट पाहणं सुरू झालं. ती भांडी घासताना फोन खिडकीत ठेवायची, अंघोळीला गेली तर दाराबाहेर. कुत्रं भुंकलं तरी दचकायची.

उत्तर आलं. नकार.

"काय लिहिलंय? नीट वाच."

पलीकडे तोमासी अडखळला. "म्हणतात... तुझ्या पत्रात मी तुझा जोडीदार आहे, होणाऱ्या बाळाचा बाप आहे. आणि माझ्या अर्जात तू..."

"मी काय?"

"मैत्रीण."

"मैत्रीण? मी इथे तुझं पोर पोटात वागवतेय, आणि मी तुझी मैत्रीण?"

"ऐक ना —"

"कुणापासून लपवतोस? तिथे आहे का दुसरी कुणी?"

"टॅमसिन! माझ्या माणसांनी तुझ्या माणसांपुढे अजून देवमाशाचा दात ठेवलेला नाही. म्हणजे आमच्या रिवाजानं मागणीच घातलेली नाही. त्याआधी तुला माझी म्हणणं म्हणजे... म्हणजे चोरी गं. तुझ्या आईच्या घरातली चोरी. कशी करू?"

बाळानं आतून एक लाथ मारली. कुणाच्या बाजूनं ते कळलं नाही.

"जेवलीस का?" त्यानं हलकेच विचारलं.

"नाही!" तिनं फोन ठेवून दिला.

टाउन्सव्हिलमध्ये व्हिसाची कामं पाहणारी इव्हॉन नावाची बाई होती. आईनं तिला फोन लावला आणि आवाज मोठा करून मध्ये ठेवला.

"नकार म्हणजे दार कायमचं बंद नव्हे," इव्हॉन म्हणाली. "पण तोच अर्ज पुन्हा पाठवाल तर तोच नकार येईल. तुमच्या दोघांच्या सांगण्यात मेळ नाही आणि तो परत जाईल याची खात्री नाही, एवढाच त्यांचा संशय. खोटं बोललात असं म्हटलं असतं, तर फार कठीण होतं."

"मग आता?"

"लग्न ठरलेल्यांचा व्हिसा असतो. त्यानं तिथूनच अर्ज करायचा, इथे येऊन मुदतीत लग्न करायचं. किंवा लग्न आधी करा आणि नवऱ्याच्या व्हिसाचा अर्ज टाका. दोन्हीकडे वाट पाहणं आहे, बरीच. दरम्यान बाळंतपणापुरता भेटीचा व्हिसा पुन्हा मागता येईल. आधीचा नकार लपवायचा नाही, आणि सगळीकडे एकच खरं लिहायचं. पण आधी मला सांगा, तुम्ही एकमेकांचे कोण?"

फोन संपला तरी टॅमसिन येरझाऱ्या घालत होती. फ्रिजपासून दारापर्यंत, दारापासून फ्रिजपर्यंत.

"तो इथे कसा येईल, तो इथे कसा येईल... डोकं फुटायची वेळ आली!"

"खाली बस, माझं डोकं गरगरतंय," आई म्हणाली. मग जरा थांबून, "त्याला येऊ देत नाहीत. तुला जाऊ नको असं कुणी म्हटलंय?"

टॅमसिन जागच्या जागी थबकली.

"तो दात कुणापुढे ठेवतात?" आईनं विचारलं.

"मुलीच्या माणसांपुढे."

"म्हणजे माझ्यापुढे. बघ, माझा पासपोर्ट तरी जागेवर आहे का."

डॉक्टरांनी ठणकावलं, की विमानात बसायचं तर आत्ताच, पुढे नाही. तावेउनीच्या इवल्याशा विमानात आई दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरून बसली होती. उतरल्यावर टॅमसिनला समोर तोच दिसला. फुलाफुलांचा सदरा, आणि... एका गालावर दाबलेला हात.

"आता काय उडालं?" तिचा आवाज चिरकला.

"काही नाही. तुला यायला कारण हवं ना."

तिथे चारचौघांत त्यानं तिला मिठी मारली नाही. नुसती तिची पिशवी घेतली. पण पिशवीच्या बंदाखाली त्याची बोटं तिच्या बोटांवर कितीतरी वेळ राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या काकांच्या घरी सगळे चटईवर बसले. काकांनी काथ्याच्या जाड दोरीत ओवलेला, म्हातारा पिवळसर दात दोन्ही हातांत धरला आणि ते बराच वेळ बोलत राहिले. टॅमसिनला एक अक्षर कळलं नाही. ती फक्त आईच्या हातांकडे पाहत होती. ते मांडीवरून हललेच नाहीत तर?

"मी काय म्हणायचं असतं रे?" आईनं तोमासीला कुजबुजत विचारलं.

"काही नाही, रोंडा मावशी. हातात घेतलंत, की झालं."

"आणि नाही घेतलं तर?"

तोमासीचा चेहरा उतरला. "तर... तरी जेवून जायचं."

आईला हसू फुटलं. तिनं दोन्ही हात पुढे केले. टाळ्यांचा खोल, पोकळ आवाज घुमला.

"जड आहे गं," आई टॅमसिनकडे वळून म्हणाली. डोळे भरले होते, पण जीभ ती जीभच. मुलीच्या पोटावर तळवा ठेवून ती म्हणाली, "कोयी उरतात म्हटलं होतं ना मी. विसरलेच होते, झाड त्यातूनच येतं."

"आता बोलू?" तोमासीनं विचारलं.

"बोल बाबा."

"ही माझी आहे," तो सगळ्यांसमोर म्हणाला. आणि मग, लहान मुलासारखा, पुन्हा एकदा.

निघण्याआधी सरकारी कचेरीत रीतसर लग्न झालं. दोन्ही अर्ज गेले, नवऱ्याचा आणि भेटीचा. दोन्हीकडे एकच नातं. विमानाच्या शिडीशी यावेळी 'येते' ती म्हणाली.

आता बोवेनमध्ये मोहोर सरून आंब्याला बाळकैऱ्या धरल्यात. उत्तर अजून आलेलं नाही. टॅमसिनचे पाय सुजतात, तरी ती घरभर फिरत असते, फोन हातात घेऊन. पलीकडून पहिला प्रश्न तोच येतो, जेवलीस का? पण तो प्रश्न समुद्रापलीकडून येतो, आणि ताट वाढायला तिथून हात पोचत नाही.

तुमच्या गल्लीतही असेल अशी कुणी. माणूस दूर अडकलेलं, फोन वाजला की दचकणारी, 'मी मजेत' म्हणणारी. तिच्या 'मजेत'वर विश्वास ठेवू नका. आज जाता जाता तिचं दार वाजवा, आणि नुसतं विचारू नका. म्हणा, ये, जेवायला ये.