बाई पुढं गेल्या

देवळाली प्रवराच्या पलीकडच्या शिवारात पूर्वी एक बारकी रेल्वे होती. ऊस ट्रॉल्यांत भरायचा आणि कारखान्यात न्यायचा, एवढंच तिचं काम. कारखाना बंद पडला, इंजिन भंगारात गेलं, आणि रूळ ज्याच्या हाताला लागले त्यानं घरी नेले. आपल्याकडं लोखंड वाया जातं होय? कुणाच्या गोठ्याला तुळई झाली, कुणाच्या विहिरीवर मोटर टेकवायला रूळ आडवे पडले, शाळेत तुकडा टांगून त्याची घंटा झाली.

पंकजा या सगळ्याचा नकाशा करत होती. कॉलेजात इतिहास शिकवायची; सुट्टी लागली की मोजायचा टेप घेऊन निघालीच. अर्धी लाईन मोजून झाली आणि तापाचं निमित्त होऊन ती आठवड्यात गेली. दवाखान्यात कल्याण, तिचा नवरा, औषधं आणायला खाली उतरला होता. वर येईपर्यंत तोंडावर चादर ओढलेली. प्रवरासंगमाला अस्थी सोडून आला तरी त्याला वाटत राहिलं, जिवंत असताना तिला शेवटचं एकदा बघायचं राहिलंच.

वर्षभर त्यानं त्या नकाशाला हात लावला नाही. मग एका रविवारी उरलेली अर्धी लाईन मोजायला निघाला. मोजणी खात्यातला माणूस. रडता येत नव्हतं, मोजता येत होतं.

पहिलं ठिकाण शमशेर वेल्डरचं. त्याची शेड रुळांच्याच खांबांवर उभी होती. कल्याणनं टेप काढला तसा शमशेर म्हणाला, हे तर मोजून झालंय, ह्या दिवाळीच्या आधी बाई येऊन गेल्या. असेल दुसऱ्या कुठल्या कॉलेजातली, असं म्हणून कल्याणनं उगाच विचारलं, दिसायला कशा होत्या? शमशेरनं आपलं डावं कोपर पुढं केलं. इथं भाजल्याचा डाग होता म्हणाला, वेल्डिंगवाल्याची नजर आधी तिथंच जाते. चहा सांगितला, पण बाई काही बसल्या नाहीत.

पंकजाच्या डाव्या कोपरावर कुकरच्या वाफेचा डाग होता. कल्याण टेप तसाच गुंडाळून घरी आला आणि न जेवता पडून राहिला.

स्वतःची समजूत काढायला शहाण्या माणसाला कारणं काय, ढीगभर सापडतात. शमशेरची तारखेत गफलत झाली असेल. पंकजाच आजारपणाच्या आधी येऊन गेली असेल. पण तिच्या नकाशात ती शेड नव्हती. पुढच्या रविवारी तो रामहरी नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर गेला तो रुळांसाठी नाही, हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं.

रामहरीनं कौतुकानं सांगितलं, बाई परवाच्या बाजाराच्या दिवशी आल्या होत्या. त्यानं ओसरीवर घोंगडी टाकली, गूळपाणी दिलं, तर बाई उभ्यानंच पाणी प्यायल्या. सारख्या मागं वळून बघत होत्या. मग रुळांवरून हात फिरवला आणि लाईनीनं खाली गेल्या.

कल्याणला आनंद झाला. भीती वाटायला हवी होती. झाला तो आनंदच. ती महिन्यांनी पुढं होती, आता दिवसांनी होती. अंतर कमी होत होतं! त्यानं रजा टाकली. गोठ्यावर कळलं, बाई काल आल्या होत्या. शाळेत कळलं, आज सकाळीच. एकदा बघायचं होतं तिला. बोलली नाही तरी चालणार होतं.

लाईन जिथं संपायची तिथं कडूबाई म्हणून एका म्हातारीचं खोपट होतं. रुळाखालच्या लाकडी स्लीपरचा उंबरा, आणि त्यावर ती भर दुपारी सुपात तूर निवडत बसलेली.

"बाई आल्या होत्या?" कल्याणला दम लागला होता.

"आत्ताच पुढं गेल्या. तुमी कोन?"

"त्यांचा नवरा."

कडूबाईनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजी तुमीच व्हय ते. लई दमल्यात वो त्या. मी म्हनलं, बाय, टेक जरा. तर म्हनल्या, मागनं मानूस येतंय. त्यो थांबल्याबिगर मला बसता येत न्हाई."



"बसा हितं," म्हातारी म्हणाली. "बसा, म्हंजी ती बी बसंल बिचारी."

तो बसला. खरंच बसला. उंबरा उन्हानं तापला होता. समोरच्या उसाचं एक पान हलत नव्हतं.

त्याला सगळं कळलं होतं. आणि आत्ता उठलो नाही तर ती पुन्हा कधी दिसायची नाही, हेही कळत होतं.

तो उठला.

"नगा जाऊ," कडूबाई मागनं म्हणाली.

पुढं लाईन नव्हती. कधी टाकलेलीच नव्हती. नुसता ऊस होता, नुकतंच पाणी दिलेला. सरीतल्या चिखलात अनवाणी पावलं उमटली होती. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. पंकजाचं तसंच होतं.

सुरुवातीची पावलं जवळजवळ होती, एक पाय ओढल्यासारखी.

मग त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं.

त्याच्याही पुढं टाचा उमटल्याच नव्हत्या. नुसती बोटं, चिखलात खोल रुतलेली.

कल्याणनं चपला काढून हातात घेतल्या आणि झपाझप पाय उचलले.